ई१ जुळतो, ई२ जुळत नाही: फायबर कॉम्पोझिटच्या गणितातली नेहमीची अडचण

डिसेंबर संपत आला आणि प्रोजेक्टचा पहिला रिव्ह्यू जवळ आला, की एक प्रश्न दरवर्षी नव्या चेहऱ्याने माझ्या टेबलाशी येऊन उभा राहतो. "सर, ई१ मस्त जुळला, पण ई२ टेस्टच्या निम्माच येतोय. कूपन खराब असेल का?" कूपन, म्हणजे प्लेटमधून कापलेला चाचणीचा तुकडा, बहुतेक वेळा निर्दोष असतं. तरी पोरं पुन्हा प्लेट कापतात, पुन्हा टॅब चिकटवतात, पुन्हा मशीनची वेळ मागतात आणि तोच आकडा घेऊन परत येतात. म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतो.

चिन्हं आधी ठरवू. ई१ म्हणजे तंतूंच्या दिशेतला यंग मापांक (ताठपणाचं माप), ई२ तंतूंना आडव्या दिशेतला, जी१२ त्या प्रतलातला शिअर मापांक आणि न्यू१२ मोठं पॉइसन गुणोत्तर (ओढल्यावर आडवं किती आकसतं ते). ईएफ, ईएम हे तंतूचे आणि मॅट्रिक्सचे (तंतूंना धरून ठेवणाऱ्या रेझिनचे, इथे इपॉक्सीचे) मापांक, व्हीएफ म्हणजे तंतूंचा घनफळातला वाटा. मापांक सगळे गिगापास्कलमध्ये.

पडताळणीसाठी स्वतःच्या प्लेटचे आकडे सुरुवातीला वापरू नका. ज्याचं उत्तर आधीच पक्कं माहीत आहे असं साहित्य घ्या. कॉम्पोझिटचे सिद्धान्त टेस्टशी ताडून बघणाऱ्या वर्ल्ड-वाइड फेल्युअर एक्सरसाइज या उपक्रमातला काच-इपॉक्सी मी घेतो. सोडन, हिंटन आणि कद्दूर यांनी १९९८ मध्ये त्याचे आकडे छापले, तेव्हापासून ते सगळीकडे वापरले जातात. सायलेन्का ई-ग्लास: ईएफ ७४, पॉइसन ०.२. एमवाय७५० इपॉक्सी: ईएम ३.३५, पॉइसन ०.३५. व्हीएफ ०.६०. मोजलेली उत्तरं: ई१ ४५.६, ई२ १६.२, जी१२ ५.८३, न्यू१२ ०.२७८. हे आठनऊ आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढचं सगळं यांच्यावरच तपासायचं आहे.

सगळेच आकडे टेस्टपेक्षा जास्त येतात, ई१ सुद्धा

ही सगळ्यांत साधी आणि सगळ्यांत जास्त वेळा होणारी चूक. मागच्या खेपेचा एक विद्यार्थी हॅन्ड ले-अपची (हाताने थर रचलेली) यूडी, म्हणजे सगळे तंतू एकाच दिशेत असलेली, प्लेट घेऊन आला होता. गणितात ई१ आला ४५.७, मशीनवर भरला ३१. त्याने कापड वजन केलं होतं, प्लेट वजन केली होती, भागाकार केला होता आणि ०.६० हा आकडा सरळ व्हीएफच्या रकान्यात टाकला होता. तो वजनाचा वाटा होता, घनफळाचा नव्हे.

ई-ग्लासची घनता २.५४ धरा, इपॉक्सीची १.२. वजनात ६० टक्के काच म्हणजे घनफळात ०.६/२.५४ भागिले (०.६/२.५४ + ०.४/१.२), म्हणजे अवघे ४१.५ टक्के. मग ई१ = ०.४१५ × ७४ + ०.५८५ × ३.३५ = ३२.७. गेला सगळा गोंधळ. उरलेला दीडेक गिगापास्कल कुठे गेला ते शेवटी सांगतो, त्याचीही एक गंमत आहे.

कापडाच्या वजनावर विसंबू नका, शक्य असेल तर तुकडा जाळून बघा. काचेसाठी मफल फर्नेसमध्ये ५६५ अंशांना रेझिन पूर्ण जाळायचं, उरते ती काच. एएसटीएमचं डी२५८४ हे चाचणी-मानक हीच पद्धत सांगतं. कार्बनला ही भट्टी चालत नाही, कारण हवेत तोही जळायला लागतो. तिथे आम्लाने रेझिन विरघळवावं लागतं. आणि तुकडा प्लेटच्या मधूनच घेऊ नका, कडेचाही घ्या. हाताने रोलर फिरवलेल्या प्लेटमध्ये कडेला रेझिन साचलेलं असतं.

ई१ बरोबर, ई२ निम्मा

हा मूळ आजार. आपल्या संदर्भ-साहित्यावर करून बघा. रूल ऑफ मिक्श्चर्स (वाट्यांनुसार सरासरी): ई१ = ०.६ × ७४ + ०.४ × ३.३५ = ४५.७. मोजलेला ४५.६. इतकं सुंदर जुळतं, की माणसाचा सूत्रावर आंधळा विश्वास बसतो. मग तोच हात पुढच्या ओळीवर जातो: १/ई२ = ०.६/७४ + ०.४/३.३५. उत्तर ७.८. मोजलेला १६.२. निम्म्याहूनही कमी.

ई१ जुळणं ही फार मोठी पावती नाही, हे आधी मनाला पटवा. त्या दिशेत तंतू आणि रेझिन सारखेच ताणले जातात आणि भाराचा जवळजवळ सगळा वाटा काच उचलते: ४५.७ पैकी ४४.४ एकट्या काचेचे. रेझिनचा आकडा दुप्पट चुकवलात तरी ई१ जेमतेम तीन टक्के हलेल. तंतू चौकोनात मांडलेत, षटकोनात की कसेही विखुरलेत, ई१ला त्याचं सोयरसुतक नाही. म्हणून ई१ जुळल्यावर "मॉडेल व्हॅलिडेट झालं" असं लिहू नका. व्हीएफ बरोबर आहे, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

आडव्या दिशेत मात्र सगळा खेळ रेझिनचा आणि मांडणीचा. ते उलटं सूत्र असं धरून चालतं, की काचेची एक सपाट वडी, तिच्यावर रेझिनची वडी, पुन्हा काचेची, आणि भार एकीतून दुसरीत सरळ उतरतो. आता कडब्याची पेंढी मधोमध कापून तिच्या तोंडाकडे बघा. गोल ताटं, काही एकमेकांना चिकटायच्या बेतात, मध्ये वेड्यावाकड्या फटी. कॉम्पोझिटचा छेद असा दिसतो. चौकोनी मांडणीत ६० टक्के व्हीएफला दोन तंतूंमधलं अंतर व्यासाच्या फक्त १४ टक्के उरतं. १७ मायक्रॉनच्या तंतूला अडीच मायक्रॉनपेक्षाही कमी. त्या अरुंद जागेतून भार काचेकडून काचेकडे जातो. बाजूच्या रुंद रेझिनच्या खिशांवर तो तितका पडतच नाही. सपाट वड्यांच्या चित्रात ही आडवाट अस्तित्वातच नाही, म्हणून उत्तर खालच्या टोकाला जाऊन बसतं.

कोणी म्हणेल, तंतू रेझिनला लांबीच्या दिशेत आकसू देत नाहीत, त्याचा हिशेब धरा. जरूर धरा. ईएमच्या जागी ईएम/(१−न्यूएम²), म्हणजे ३.८२ घाला (न्यूएम म्हणजे रेझिनचं पॉइसन). ई२ होतो ८.९. दिशा बरोबर, पण अंतर कापलं जात नाही. खरा दोष भूमितीचा आहे.

तेव्हा हाल्पिन-त्साईचं सूत्र वापरा. ईटा = (ईएफ/ईएम − १)/(ईएफ/ईएम + झाय), आणि ई२ = ईएम × (१ + झाय × ईटा × व्हीएफ)/(१ − ईटा × व्हीएफ). झाय हा तंतूंचा आकार आणि मांडणी सांगणारा आकडा; गोल तंतूंसाठी तो २ धरतात. आपल्या आकड्यांवर ईटा ०.८७५ आणि ई२ १४.५ येतो. चामिसचं सूत्र, ज्यात व्हीएफचं वर्गमूळ येतं, १२.९ देतं. दोन्ही मोजलेल्याच्या खालीच आहेत, पण आता आपण गावात तरी आलो.

झायबद्दल दोन शब्द, कारण इथे लबाडी सोपी आहे. झाय शून्य केलात की तेच उलटं सूत्र मिळतं, म्हणजे १९२९ चं रॉयसचं खालचं टोक. झाय अमर्याद वाढवलात की रूल ऑफ मिक्श्चर्स, म्हणजे फॉइक्टचं वरचं टोक. स्प्रेडशीट बरोबर लिहिली आहे का, हे तपासायची ही चांगली युक्ती आहे: झायला ०.०००१ आणि दहा लाख देऊन ७.८ आणि ४५.७ येतात का बघा. पण याचाच अर्थ असा, की झाय हवा तसा फिरवून मधलं कुठलंही उत्तर काढता येतं. २.७च्या आसपास ठेवलात की बरोब्बर १६.२ येईल. तसं करायला हरकत नाही, फक्त त्याला फिटिंग म्हणा. रिपोर्टमध्ये "सैद्धान्तिक भाकीत" असं लिहून खाली टेस्टशी शून्य टक्के फरक दाखवणारे महाभाग मी पाहिले आहेत.

कार्बनमध्ये उलटं होतं: ई२ फारच जास्त

काचेवर चाललेली फाइल कार्बनला लावली की हे घडतं. टी३०० तंतू आणि बीएसएल९१४सी इपॉक्सी, व्हीएफ ०.६०, ईएम ४. तंतूचा मापांक म्हणून २३० टाकला तर हाल्पिन-त्साई ई२ १९.९ सांगतं. मोजलेला ११.

काच सगळ्या दिशांनी सारखी असते. कार्बनचा तंतू तसा नसतो; त्यातले ग्रॅफाइटचे पदर लांबीच्या दिशेत लागलेले असतात. टी३०० लांबीत २३०, पण आडवा फक्त १५. डेटाशीटवर एकच मापांक छापलेला असतो, तो लांबीचा. ई२ काढताना ईएफच्या जागी १५ घाला, उत्तर ८.८ येतं. ११ नाही, पण १९.९ पेक्षा कितीतरी शहाणं. न्यू१२ आणि जी१२ साठीसुद्धा तंतूचे तंतूच्याच दिशेनुसारचे वेगळे आकडे लागतात. टी३००चा शिअर मापांक १५ धरतात. २३० भागिले दोनदा एक अधिक न्यू हे सूत्र इथे चालत नाही. केव्हलार-अ‍ॅरामिड तंतूंचंही असंच.

जी१२ काही केल्या जुळत नाही

इथे मी स्वतःही पूर्ण समाधानी नाही, हे कबूल करतो. संदर्भ-साहित्यावर उलटं सूत्र २.९ देतं, हाल्पिन-त्साई झाय १ घेऊन ४.३, आणि मोजलेला ५.८३. जास्त व्हीएफसाठी झायमध्ये ४० × व्हीएफचा दहावा घात मिळवायची एक जुनी दुरुस्ती आहे, तिने ४.६ पर्यंत जाता येतं. त्यापुढे सूत्राला दोष देण्याआधी टेस्टकडे वळा, कारण शिअरचा आलेख सुरुवातीपासूनच वाकायला लागतो. उतार कुठे मोजला यावर जी१२ ठरतो. अधिक-उणे ४५च्या कूपनवर डी३५१८ प्रमाणे करत असाल तर शिअर स्ट्रेन सुमारे २००० ते ६००० मायक्रोस्ट्रेन या टप्प्यातला जीवेचा (दोन टोकं जोडणाऱ्या रेषेचा) उतार घ्यायचा असतो. एकाने आख्ख्या आलेखातून एक सरळ रेष ओढली होती, तुटेपर्यंतच्या. मग काय जुळणार?

त्याच टेस्टमध्ये दुसरा खड्डा: शिअर ताण म्हणजे ओढीच्या ताणाचा अर्धा, पण शिअर स्ट्रेन म्हणजे लांबीची स्ट्रेन वजा रुंदीची स्ट्रेन, पूर्ण, अर्धी नव्हे. रुंदीची स्ट्रेन ऋण असते, म्हणून वजाबाकीत प्रत्यक्षात बेरीज होते. हे दोन अर्धे उलटसुलट केले की जी१२ दुप्पट किंवा निम्मा येतो. तुमच्या उत्तरात अगदी दोनचा गुणक दिसला तर रेझिनला हात लावू नका, आधी इथे बघा.

एकक-पेशीचं एफईए मॉडेल वेगळंच बोलतं

सूत्रांना कंटाळून काही जण एक तंतू आणि भोवती रेझिन असा चौकोन, म्हणजे एकक-पेशी, एफईएच्या (फायनाइट एलिमेंट पद्धतीच्या) जाळीत बसवतात. कल्पना उत्तम, चुका सीमा-अटींत. आडवी ओढ देताना बाजूच्या भिंती सपाट राहायला हव्यात, पण आत-बाहेर सरकायला मोकळ्या. त्या भिंतींचं विस्थापन शून्य करून टाकलं तर मिळतो तो ई२ नव्हे, कोंडलेल्या पदार्थाचा ताठपणा.

यावर माझं आवडतं औषध: तंतूला रेझिनचेच गुणधर्म द्या आणि चालवा. ३.३५ यायलाच हवा. ५.३८ आला तर कोंडमारा झालाय, कारण ०.३५ पॉइसनच्या पदार्थात चारी बाजू बंद केल्यावर ताठपणा बरोबर १.६ पट होतो. पाच मिनिटांची चाचणी आहे आणि ती न करता लोक आठवडा जाळी बारीक करण्यात घालवतात.

शिअरसाठी भिंती सपाट ठेवायचा हट्ट उलटा पडतो. तिथे समोरासमोरच्या नोड्सना नियतकालिक अट लावा, भिंतींना वाकू द्या. नाहीतर जी१२ फुगतो. आणि चौकोनी पेशीत व्हीएफ ७८.५ टक्क्यांच्या पुढे नेऊ नका. तिथे तंतू एकमेकांत घुसतात, सॉफ्टवेअर फक्त "मेश फेल" म्हणतं आणि माणूस परवान्याला शिव्या घालतो.

लॅमिना ठीक, लॅमिनेट बिघडतं

एकेका थराचे (लॅमिनाचे) आकडे बरोबर, थर रचून लॅमिनेट केल्यावर गडबड: हे जवळजवळ नेहमी पॉइसन नाहीतर शिअरचं प्रकरण असतं.

पॉइसन आधी. न्यू२१ = न्यू१२ × ई२/ई१, म्हणजे आपल्या काचेत ०.०९९. अ‍ॅन्सिस या एफईए सॉफ्टवेअरमध्ये पीआरएक्सवाय म्हणजे मोठं गुणोत्तर आणि एनयूएक्सवाय म्हणजे लहान. ०.२७८ चुकून एनयूएक्सवायच्या खात्यात पडलं तर आतल्या आत न्यू१२ ०.७८ होऊन बसतो. फसवं असं, की शून्य-नव्वदच्या लॅमिनेटचा मापांक ३१.१ चा फक्त ३२.८ होतो, कोणी ढुंकून बघत नाही. पण त्याच लॅमिनेटचं पॉइसन गुणोत्तर ०.१५ च्या जागी ०.४१ येतं. म्हणून लॅमिनेटचा मापांक जुळला तरी पॉइसनवर एक नजर टाकायची सवय लावा. घन एलिमेंट वापरत असाल तर न्यू२३च्या (दोन आडव्या दिशांमधल्या पॉइसनच्या) जागी न्यू१२ चिकटवू नका. तो या काच-इपॉक्सीला ०.४ च्या आसपास असतो.

शिअर: पायथन किंवा मॅटलॅबमध्ये स्वतः कोड लिहिणाऱ्यांसाठी. ताण फिरवण्याचं आणि स्ट्रेन फिरवण्याचं मॅट्रिक्स (गणितातलं, रेझिन नव्हे) एकच नसतं, कारण आपण शिअर स्ट्रेन पूर्ण गॅमा घेतो, टेन्सरचा अर्धा नव्हे. तो दोनचा फरक रॉयटरचं छोटं मॅट्रिक्स मध्ये घालून सांभाळतात. कोड बरोबर आहे का, हे कळायला दोन तपासण्या पुरतात. ई१ आणि ई२ सारखे घालून, शिअर मापांक समदिक् सूत्राने काढून थर ३७ अंशांत फिरवा. काहीही बदलता कामा नये. मग खरे आकडे घालून शून्य, अधिक-उणे ४५, नव्वद असे थर रचा. लॅमिनेटच्या ताठपणाच्या ए मॅट्रिक्समधले ए११ आणि ए२२ समान यावेत, आणि ए६६ हा (ए११ − ए१२)/२ यावा. दशांशात कुठेतरी नव्हे, तंतोतंत.

मेगापास्कल-मिलिमीटर आणि पास्कल-मीटर यांची भेसळ मी यात धरत नाही. ती हजारांच्या पटीत चुकते, लपून राहत नाही.

गणित बरोबर, टेस्ट खोटं बोलते

असंही होतं, पण त्याला कारणं मोजकी. पहिलं: स्ट्रेन क्रॉसहेडच्या सरकण्यातून काढली. त्यात ग्रिपची घसरण, टॅबचा गोंद, मशीनच्या चौकटीचं ताणणं, सगळं मिसळतं आणि मापांक कमी भासतो. स्ट्रेन गेज किंवा एक्स्टेन्सोमीटर लावा, आणि डी३०३९ प्रमाणे १००० ते ३००० मायक्रोस्ट्रेनमधला उतार घ्या.

दुसरं: थ्री-पॉइंट बेंडिंगवरून ई१ काढला आणि गाळा (दोन आधारांमधलं अंतर) छोटा ठेवला. वाकण्यात शिअरचं सरकणं १.२ × (ई/जी) × (जाडी/गाळा)² या प्रमाणात मिसळतं. गाळा जाडीच्या १६ पट असेल तर काचेला ३.७ टक्के, चालून जाईल. कार्बनला, जिथे ई/जी २५ आहे, जवळजवळ १२ टक्के. गाळा ३२ पट केलात की तीनवर येतं.

तिसरं: कूपन कापताना दिशा चुकली. प्लेटच्या कडेला समांतर कापलं म्हणजे तंतूंना समांतर कापलं असं नाही. पाच अंशांची चूक काच-इपॉक्सीत ४५.६ चा ४३.९ करते, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. तीच चूक टी३००च्या कार्बनमध्ये १३८ चा ११८ करते. कार्बनचा ई१ पंधरा टक्के कमी आला, तर कोनमापक घेऊन तुटलेल्या कूपनवरची चीर बघा. ती तंतूंच्या बाजूनेच गेलेली असते, खोटं बोलत नाही.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्लेटकडे. व्हीएफ सुधारल्यावर ई१ ३२.७ आला आणि मोजलेला ३१. ई२ हाल्पिन-त्साईने ९.१ आणि मोजलेला दहाच्या थोडा वर. एक खाली, एक वर. पोकळ्या असत्या तर दोन्ही खाली गेले असते. मी त्याला उरलेलं कापड आणायला सांगितलं. नावाला यूडी, पण टो (तंतूंचे जुडगे) विस्कटू नयेत म्हणून मागून आडवे काचेचे धागे शिवलेले. उसवून वजन केलं तर आडवी काच पाच टक्क्यांच्या आसपास भरली. पंच्याण्णव भाग उभे आणि पाच भाग आडवे धरून सरासरी काढली: ई१ ३१.५, ई२ १०.३. त्याने स्प्रेडशीटमध्ये एक रकाना वाढवला, वर "शिवणीचा धागा" असं लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी रिव्ह्यूला गेला.